प्रश्न चहाच्या वेळीच का सुचतात?

पुण्यात शनिवारी सकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये भरलेली पायथनवाल्यांची बैठक असो, नाशिकच्या मंगल कार्यालयातलं द्राक्ष बागायतदारांचं चर्चासत्र असो किंवा मुंबईतल्या सीए मंडळींचं स्टडी सर्कल, एक प्रसंग सगळीकडे सारखाच घडतो. वक्त्याची शेवटची स्लाइड येते. सूत्रसंचालक विचारतात, "कुणाला काही शंका?" हॉल चिडीचूप. कुणी वहीत बघतं, कुणी मोबाइलमध्ये. मग आभारप्रदर्शन उरकतं, चहाचे कप हातात येतात आणि वक्त्याभोवती कोंडाळं जमतं. "सर, एक विचारायचं होतं..."

म्हणजे शंका होत्या, फक्त हॉलमध्ये तोंडातून बाहेर पडल्या नाहीत. त्यात काय बिघडलं, उत्तर तर मिळालंच, असं कुणी म्हणेल. पण चहाच्या कपावर मिळालेलं उत्तर एकट्याला मिळतं आणि तेही एकट्या वक्त्याकडून. शेवटून दुसऱ्या रांगेतल्या ज्या माणसाने नेमकी हीच भानगड गेल्या महिन्यात निस्तरली होती, तो तोवर पार्किंगमधून गाडी काढत असतो. व्यावसायिक गटाच्या बैठकीतला खरा ऐवज या शेवटून दुसऱ्या रांगेत असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. व्याख्यान घरी बसून यूट्यूबवरही ऐकता येतं, मागची रांग तिथे दिसत नाही.

असे गट मुळात कशासाठी जन्माला आले ते पाहिलं तर हे पटेल. 1955 साली आयबीएमचा 704 हा नवा संगणक बाजारात येऊ घातला होता. त्याआधीचे 701 बनलेच मुळी एकोणीस, आणि त्यातले बरेचसे लॉस एंजेलिसच्या आसपासच्या विमान कंपन्यांकडे होते. भाडं महिन्याला हजारो डॉलर. यंत्रासोबत प्रोग्रॅम मात्र जवळपास काहीच येत नसत. साधं वर्गमूळ काढायचं तरी प्रत्येक कंपनीतली माणसं आपापला कोड लिहीत. लॉकहीडमध्ये एकजण जे लिहून घाम गाळतोय, तेच थोड्या अंतरावर नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनमध्ये दुसरा लिहितोय. आता 704 आला की 701चे सगळे प्रोग्रॅम निरुपयोगी होणार आणि पाटी पुसून पुन्हा सुरुवात करावी लागणार, हे दिसत होतं. तेव्हा ऑगस्ट 1955मध्ये सँटा मोनिकातल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये ही मंडळी जमली आणि 'शेअर' नावाचा गट स्थापन झाला. तो आजही चालू आहे.

लक्षात घ्या, धंद्यात या कंपन्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी होत्या. विमानाचा आराखडा कुणी कुणाला दाखवणार नव्हतं. पण वर्गमूळ काढण्यात कुणाचं व्यापारी गुपित नव्हतं. प्रत्येकाने आपण लिहिलेले प्रोग्रॅम गटाच्या संग्रहात टाकायचे आणि हवे ते तिथून घ्यायचे, असं ठरलं. हिशेब भिशीसारखाच होता, फरक एवढाच की प्रोग्रॅम उचलला म्हणून पेटीतली रक्कम कमी होत नव्हती. सदस्याची कर्तव्यं गटाने लिहून काढली. त्यात मुख्य कर्तव्य वर्गणी भरण्याचं नव्हतं, सहकाराची वृत्ती ठेवण्याचं होतं. चर्चेला मोकळ्या मनाने बसा, दुसऱ्यांच्या जाणतेपणाचा मान राखा आणि आपलंच घोडं दामटण्यापेक्षा दुसऱ्याचं म्हणणं मान्य करण्याचे प्रसंग जास्त येऊ द्या, असा त्याचा आशय होता. सत्तर वर्षांपूर्वीच्या इंजिनिअरांनी हे कागदावर आणलं होतं! आपल्याकडच्या कित्येक सोसायट्यांच्या वार्षिक सभांसाठीही ते उपयोगी पडावं.

यातून लगेच घडलेली एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. 704साठी सगळ्यांनी कोणता असेंब्लर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, वापरायचा, हा प्रश्न आला. आयबीएमकडे स्वतःचा होता. पण गटाने निवडला तो युनायटेड एअरक्राफ्टमध्ये काम करणाऱ्या रॉय नट यांनी लिहिलेला. यंत्र बनवणाऱ्यापेक्षा यंत्र राबवणाऱ्याचं काम सरस ठरलं आणि ज्याने आणून दिलं त्याचीच पद्धत सगळ्यांची झाली. जे नुसते ऐकत बसले, त्यांना दुसऱ्याच्या सवयी शिकून घ्याव्या लागल्या. नट पुढे फोरट्रान ही प्रोग्रॅमिंग भाषा तयार करणाऱ्या चमूत होते, आणि 1959मध्ये त्यांनी नॉर्थ अमेरिकनमधल्या फ्लेचर जोन्स यांच्यासोबत कॉम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशन ही कंपनी काढली. दोघे दोन वेगळ्या कंपन्यांतले आणि दोघेही 'शेअर'च्या कामातले.

'शेअर'नंतर वीस वर्षांनी कॅलिफोर्नियातच आणखी एक गट जमला. याची माणसं अगदी निराळी होती. जानेवारी 1975च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर 8800 झळकला. 397 डॉलरचा, घरी सुटे भाग जोडून बनवायचा संगणक. जोडला तरी त्याचं करायचं काय, हे कुणाला धड माहीत नव्हतं. ना पडदा, ना कीबोर्ड. समोर नुसती खटक्यांची आणि मिणमिणत्या दिव्यांची पट्टी. 5 मार्च 1975 रोजी मेन्लो पार्कमध्ये गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक माणसं जमली. फ्रेड मूर यांनी आसपास पत्रकं लावून ती गोळा केली होती. हा होमब्रू कॉम्प्युटर क्लब. पुढे गर्दी वाढल्यावर बैठका स्टॅनफर्डच्या लिनिअर ॲक्सिलरेटर केंद्राच्या सभागृहात भरू लागल्या आणि सूत्रसंचालन ली फेल्सेन्स्टाइन यांच्याकडे आलं.

फेल्सेन्स्टाइन यांनी बैठक चालवायची जी पद्धत बसवली, ती मला आजवर पाहिलेल्या आणि वाचलेल्या सगळ्या पद्धतींत उजवी वाटते. बैठकीचे मुख्य भाग दोन. पहिल्याला 'मॅपिंग' म्हणत. एकेकाने उठायचं आणि थोडक्यात सांगायचं, माझ्याकडे काय आहे, माझं काय अडलंय, मला काय हवंय. कुणी म्हणे, अमुक चिप स्वस्तात मिळतेय. कुणी म्हणे, माझ्या मेमरी बोर्डावर आकडे टिकत नाहीत. त्यावर तिथल्या तिथे चर्चा लांबू द्यायची नाही, पुढच्याला उभं करायचं. दुसऱ्या भागाला नाव 'रँडम ॲक्सेस'. आता खुर्च्या सोडा आणि ज्याच्याशी बोलायचंय त्याला गाठा. कुणाला गाठायचं हे मघाशी कळलेलंच असे.

आपल्या बैठकांत रँडम ॲक्सेस असतो, त्याला आपण चहा म्हणतो. नसतं ते मॅपिंग. त्यामुळे चहाच्या वेळी माणूस ज्या सहकाऱ्याबरोबर गाडीत बसून आला, त्याच्याचपाशी कप घेऊन उभा राहतो. नाहीतर वक्त्याला गाठतो, कारण हॉलमध्ये वक्ता कोण एवढंच त्याला कळलेलं असतं. चाळीस जणांना अर्धं अर्धं मिनिट दिलं तर वीस मिनिटं लागतात. प्रमुख पाहुण्यांचा परिचय आणि पुष्पगुच्छ याहून जास्त वेळ खातात.

अर्थात अर्ध्या मिनिटात काय बोलायचं हे ठरवून यावं लागतं. आपल्याकडे ओळख म्हणजे नाव, कंपनी, हुद्दा आणि अनुभवाची वर्षं. ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. त्याऐवजी असं म्हणून बघा: "मी एका हॉस्पिटलचं बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो. डेटाबेस पोस्टग्रेसच्या बाराव्या आवृत्तीवरून सोळाव्यावर न्यायचाय आणि रात्री दोन तासांपेक्षा जास्त बंद ठेवता येत नाही. हे कुणी केलं असेल तर चहाला भेटा. टॅलीतून डेटा बाहेर काढायचं काम मी बरंच केलंय, त्यात कुणाचं अडलं असेल तर मी आहे." एवढ्यात हुद्दा आला नाही, पण माणूस कळला. आणि मागितलं तसं काही देऊही केलं.

होमब्रूमध्ये सगळेच बोलके नव्हते. ह्युलेट-पॅकार्डमध्ये नोकरी करणारे स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक पहिल्या बैठकीला गेले तेच मुळी टीव्हीला जोडायच्या टर्मिनलची चर्चा असेल म्हणून. मायक्रोप्रोसेसरच्या गप्पा ऐकून ते बुजले. पण तिथे वाटलेली एका चिपची माहितीपत्रिका घेऊन घरी गेले, ती वाचली आणि आपण कॉलेजच्या वयात कागदावर जे संगणक रचत होतो तेच हे, हे त्यांच्या लक्षात आलं. सभेत उभं राहून बोलणं त्यांना पुढेही जमलं नाही. ते आपलं यंत्र आणून टेबलावर मांडत, लोक आपोआप गोळा होत. आपल्या सर्किटच्या आराखड्याच्या प्रती काढून ते फुकट वाटत. त्यातून सुधारत गेलेलं यंत्र म्हणजे ॲपल-1. स्टीव्ह डॉम्पिअर यांनी तर अल्टेअरशेजारी ट्रान्झिस्टर रेडिओ ठेवला, खटके वरखाली करत प्रोग्रॅम भरला आणि यंत्रामुळे रेडिओत होणाऱ्या खरखरीतून बीटल्सचं गाणं वाजवून दाखवलं. ज्या डब्याचा काय उपयोग असं लोक म्हणत होते, तो गायला लागला. वीसच्या वर कंपन्या या क्लबमधल्या मंडळींनी काढल्या. सहभागी होणं म्हणजे माइक हातात घेणंच, असं कुणी समजू नये. भिडस्त माणसाने सोबत काहीतरी न्यावं: चालणारं, न चालणारं, अर्धवट, कसंही.

आता शेवटून दुसऱ्या रांगेतल्या माणसाकडे असं काय असतं, जे पुस्तकात नसतं? याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला झेरॉक्स यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांच्या अभ्यासात सापडलं. ज्युलियन ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ या तंत्रज्ञांसोबत हिंडले, त्यांच्याबरोबर जेवले, त्यांच्या गप्पा टिपून घेतल्या. 1996मध्ये त्यांचं 'टॉकिंग अबाउट मशीन्स' हे पुस्तक आलं. कंपनीने तंत्रज्ञांना पुस्तिका दिलेली होती. यंत्र बिघाडाचा सांकेतिक क्रमांक दाखवतं, तो बघा, पान उघडा, लिहिलंय तसं करा. प्रत्यक्षात यंत्रं इतकी शहाणी नव्हती. एका ठिकाणी तर क्रमांक एक सांगे आणि तपासणीत काही निराळंच दिसे. पुस्तिका संपली. यंत्र बदलून देणं हा एक मार्ग होता, पण त्यात गिऱ्हाइकाचा विश्वास गेला असता. मग तो तंत्रज्ञ आणि त्याच्या मदतीला आलेला जाणकार, दोघे तिथेच यंत्रापाशी एकमेकांना जुने किस्से सांगत बसले. तमक्या ऑफिसात असं झालं होतं, तेव्हा हा भाग बदलला तरी फरक पडला नव्हता, मग कळलं की... किस्से सांगता सांगता मधूनच एखादी चाचणी करून बघायची. शेवटी सगळे धागे एका बिघाडापाशी येऊन मिळाले. हा किस्सा पुढे जेवणाच्या टेबलावर इतरांना सांगितला गेला आणि सगळ्यांच्या पोतडीत जमा झाला.

व्यवस्थापनाच्या चष्म्यातून बघितलं तर अशा गप्पा म्हणजे कामाच्या वेळेचा अपव्यय. ऑर यांनी दाखवलं की कामाचं बरंचसं ज्ञान तिथेच साठवलं आणि वाटलं जात होतं. झेरॉक्सने नंतर तंत्रज्ञांनीच सुचवलेल्या युक्त्यांचा 'युरेका' नावाचा संग्रह उभा केला. तिथे युक्ती दुसऱ्या तंत्रज्ञांनी तपासल्यावरच स्वीकारली जाई आणि सुचवणाऱ्याचं नाव तिच्यासोबत राही.

किस्सा उपयोगी का पडतो? कारण त्यात फसलेले प्रयत्न असतात. सादरीकरणात ते गाळले जातात, तिथे सगळं पहिल्या झटक्यात जमल्यासारखं दिसतं. म्हणून बैठकीत बोलायची वेळ आली तर 'आम्ही असं केलं' यावर न थांबता 'त्याआधी हे दोन प्रयत्न केले आणि ते का फसले' हेही सांगावं. दुसऱ्याचे आठ दिवस वाचतात ते यातून. इतकं प्रामाणिक बोलणारा माणूस गटात एक असला तरी बाकीचे मोकळे होतात.

प्रश्न विचारण्याचंही तसंच. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ 1960 सालचा, म्हणजे राज्याच्याच वयाचा. त्याची चर्चासत्रं, 'द्राक्षवृत्त' मासिक, बागेत जाऊन केलेल्या शिवारफेऱ्या हे सगळं मराठीतलं, संगणकाशी संबंध नसलेलं, तरी अस्सल वापरकर्ता गटाचं उदाहरण आहे. इथे एखादा तरुण उठून विचारतो, "साहेब, बागेत डाऊनी आलाय, काय मारू?" यावर तज्ज्ञ एखाद्या बुरशीनाशकाचं नाव सांगतात आणि विषय संपतो. ते उत्तर दुकानदारानेही दिलं असतं. त्याच्यामागून एक मुरलेला बागायतदार उठतो आणि म्हणतो, "थॉमसन आहे, डॉगरिज खुंटावर, सहा वर्षांची बाग, जमीन भारी काळी. फळछाटणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात घेतली. विसाव्या दिवशी पाऊस झाला, दोन रात्री पानं ओली राहिली. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसते, पण फक्त पाटाकडच्या चार ओळींत. पावसाआधी फवारणी झाली होती, नंतर गाळामुळे ट्रॅक्टर घालता आला नाही." आता हॉलमध्ये चुळबूळ सुरू होते. पानावर पाणी साचून राहिल्याशिवाय हा रोग बळावत नाही, हे जाणणाऱ्या प्रत्येकाचं लक्ष त्या चार ओळींकडे गेलेलं असतं. कुणी विचारतं, तिथे पानांची गर्दी जास्त आहे का? कुणी विचारतं, पाटाचं पाणी झिरपतं का? तिसरा सांगतो, ट्रॅक्टर जात नव्हता तेव्हा मी काय केलं. औषधाचं नाव हा आता चर्चेतला सगळ्यात छोटा मुद्दा झालेला असतो.

दोन्ही प्रश्न एकाच रोगाबद्दलचे. दुसऱ्यात परिस्थिती आहे, कालक्रम आहे, कुठे होतं आणि कुठे होत नाही हे आहे आणि काय करून झालं हेही आहे. 'सर, डेटाबेस स्लो चालतोय' असं विचारणाऱ्या आमच्या संगणकवाल्यांना हा बागायतदार शिकवणीला लावावा. कोणती आवृत्ती, तक्त्यात ओळी किती, कोणती क्वेरी, कधीपासून, त्याच सुमारास काय बदललं? एवढं लिहून काढताना निम्म्या वेळा उत्तर आपल्यालाच सापडतं, आणि नाही सापडलं तर प्रश्न तरी धारदार होतो. प्रश्न घरूनच लिहून न्यावा, चिठ्ठीवर, मोबाइलवर, कुठेही. ऐन वेळी सुचत नाही म्हणून.

बागायतदारांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवं की द्राक्षाच्या वाणांतही वापरणाऱ्यांचा हात आहे. तास-ए-गणेश हा वाण तासगाव भागातल्या बागेत निवडला गेला आणि सोनाका सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांच्याकडे. थॉमसनच्या वेलींत एखादी वेगळी दिसली, ती या बागायतदारांनी हेरली, जपली, वाढवली. एमआयटीचे एरिक फॉन हिपेल यांनी 1980च्या दशकात 'आघाडीचे वापरकर्ते' ही कल्पना मांडली. बाजाराच्या आधी ज्यांना गरज भासते, ते स्वतःच उपाय शोधतात, असं ते म्हणतात. आपल्याकडे ते शेतात दिसत होतं.

मग माणसं गप्प का बसतात? 'आपला प्रश्न बाळबोध असेल' ही भीती जगभर आहे. आपल्याकडे तिच्यात दोन गोष्टींची भर पडते. एक म्हणजे ज्येष्ठांसमोर शंका काढणं म्हणजे आगाऊपणा, हा शाळेपासूनचा संस्कार. दुसरी इंग्रजी. सांगली-जळगावकडून आलेला उत्तम इंजिनिअर पुण्याच्या बैठकीत तोंड उघडत नाही, कारण मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. यावर उपाय सोपा आहे, मराठीत विचारा. 'इंडेक्स' आणि 'सर्व्हर' मराठी वाक्यातही तेच असतात. हॉलमध्ये अमराठी मंडळी असतील तर शेजारचा सांगेल समजावून. आणि संयोजकांनी सुरुवातीलाच 'कुठल्याही भाषेत विचारा' एवढं म्हटलं तर अर्धं दडपण तिथेच उतरतं.

याच्या उलट टोकाला एक गृहस्थ प्रत्येक गटात असतात. माइक मिळाला की ते प्रश्न न विचारता निवेदन करतात, आणि शेवटी 'यावर आपलं मत काय' एवढं जोडतात. सक्रिय सहभागाची शिफारस करताना ही जमात वाढावी असा हेतू नाही.

अगदी नवख्याने पहिल्याच दिवशी बोललं पाहिजे असंही नाही. जीन लेव्ह आणि एतियेन वेंगर यांनी 1991च्या पुस्तकात लायबेरियातल्या शिंप्यांचं उदाहरण दिलं आहे. तिथे नवा शागीर्द लगेच कापड बेतायला बसत नाही. आधी इस्त्री, हाताने टाके, काज-बटणं, म्हणजे कपडा पुरा करायची शेवटची कामं. त्यातून अख्खा कपडा डोळ्यांखालून जातो. मग शिवण, आणि बेतणं सगळ्यात शेवटी. काठावरची ही कामं खरी असतात, त्यांच्यावाचून कपडा पुरा होत नाही, पण चुकली तर नुकसान थोडं. गटातही अशी कामं असतात. खुर्च्या लावणं, नावनोंदणीच्या टेबलावर बसणं, प्रोजेक्टरची वायर शोधणं. नोंदणीच्या टेबलावर बसलेल्याला पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यांची नावं आणि कामं कळतात. त्याहून चांगलं काम इतिवृत्त लिहिण्याचं. ते कुणालाच नको असतं, त्यामुळे मागितलं की लगेच मिळतं. लिहिणाऱ्याला लक्ष देऊन ऐकावं लागतं, जे कळलं नाही ते वक्त्याला फोन करून विचारावं लागतं, आणि 'इतिवृत्तासाठी विचारतोय' म्हटलं की कुठलाही प्रश्न बाळबोध ठरत नाही. वर्षभर हे केलेला माणूस त्या गटातला सर्वांत माहीतगार सदस्य होतो, असं मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं आहे.

हजेरीसाठी जाणाऱ्यांबद्दल काय बोलावं? सीएंना सीपीईचे तास भरायचे असतात, डॉक्टरांना क्रेडिट पॉइंट. सही झाली की जेवणाआधी निघणारे सगळ्यांनी पाहिले आहेत. नियमाने माणूस खुर्चीत बसवता येतो, एवढीच नियमाची ताकद. पण त्याच व्यवसायात वेगळं वळणही आहे. 1949मध्ये स्थापन झालेली बॉम्बे चार्टर्ड अकाउंटंट्स सोसायटी निवासी अभ्यासवर्ग घेते. तिथे प्रकरणं आधी वाटली जातात, सदस्य छोट्या गटांत बसून त्यांच्यावर खल करतात आणि त्यानंतर निबंध लिहिणारा तज्ज्ञ उत्तर देतो. तज्ज्ञाने तोंड उघडण्याआधी प्रत्येकाने स्वतःचं एक उत्तर ठरवलेलं असतं. ते चुकलं असेल तरी बरोबर उत्तर अधिक पक्कं बसतं, याला शिक्षणाच्या मानसशास्त्रातही आधार आहे.

बैठकांतून नोकरी मिळते का, हेही लोक विचारतात, आणि त्यात गैर काही नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा 1973चा निबंध प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या न्यूटन या गावी ज्यांनी ओळखीतून नोकरी मिळवली होती त्यांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून नोकरीची माहिती कळली त्याला तुम्ही त्या काळात किती वेळा भेटत होता? नेहमी भेटणारे जेमतेम 17 टक्के निघाले. जवळपास 56 टक्के अधूनमधून भेटणारे होते आणि 28 टक्के क्वचितच. जिवलग मित्राला जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. नवी खबर लांबच्या ओळखीकडून येते. महिन्या-दोन महिन्यांनी भेटणारा गट म्हणजे अशा लांबच्या ओळखींचंच ठिकाण. पण ओळख म्हणजे व्हिजिटिंग कार्ड नव्हे. त्याला तुम्ही आठवलात तर तुमच्या प्रश्नामुळे किंवा तुम्ही केलेल्या मदतीमुळे आठवता. बैठकीत कुणी युक्ती सांगितली आणि ती चालली, तर आठवड्याच्या आत त्याला तसं कळवा. नाही चालली तरी कळवा. हे करणारे इतके थोडे असतात की तुमचं नाव विसरलं जात नाही.

दोन धोक्यांबद्दल सांगायला हवं. पहिला, जे सांगायचं नाही ते सांगून बसण्याचा. होमब्रूच्याच मंडळींनी अल्टेअरसाठी बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी लिहिलेल्या बेसिकच्या टेपच्या प्रती काढून एकमेकांत वाटल्या, आणि फेब्रुवारी 1976मध्ये गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना उघड पत्र लिहून ही चोरी आहे असं सुनावलं. स्वतःचं वाटणं वेगळं आणि दुसऱ्याचं वाटणं वेगळं. गिऱ्हाइकाचं नाव, त्याचा डेटा, पासवर्ड दिसणारा स्क्रीनशॉट, कंपनीने करारात बांधलेली माहिती यांतलं काही बैठकीत काढायचं नाही. अडचण सांगायला त्याची गरजही नसते. 'एक मध्यम आकाराचं हॉस्पिटल' एवढं पुरतं. दुसरा धोका, गट विक्रेत्याच्या ताब्यात जाण्याचा. हॉल त्याचा, जेवण त्याचं, मग वक्ताही त्याचाच. प्रायोजक असायला हरकत नाही, पण सलग तीन बैठकांत फक्त उत्पादनाची स्तुतीच ऐकायला मिळाली आणि 'हे आमच्याकडे चाललं नाही' असं एकही वाक्य कानावर आलं नाही, तर तो वापरकर्त्यांचा गट उरलेला नाही. तिथे आपला शनिवार घालवू नये.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीचा निरोप व्हॉट्सॲपवर आला की अंगठा दाखवून थांबू नका. खाली दोन ओळी लिहा: माझं हे अडलंय, आणि यात मी मदत करू शकतो. संयोजकांना विषयपत्रिका ठरवायला त्या ओळी लागतातच.